हरताळाखालची अक्षरं: हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने पोथी आणि चित्र कसं तपासावं

जुन्या काळी पोथी लिहिताना चूक झाली की लेखनिक त्या जागी हरताळ लावायचा. हरताळ म्हणजे आर्सेनिकयुक्त पिवळं खनिज. ते सुकलं की त्यावर पुन्हा लिहिता यायचं. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला. माझ्या टेबलावर अशीच एक सचित्र पोथी आली होती. एका पानावर तिसऱ्या ओळीत अंगठ्याएवढा पिवळा ठिपका होता आणि त्यावर नवी अक्षरं. पोथी घेऊन आलेल्या आजींनी विचारलं, “खाली काय लिहिलंय ते खरवडल्याशिवाय कळेल का गं?”

कळतं, पण त्यासाठी बरीच तयारी लागते. हा लेख त्या तयारीचा आहे. संग्रहालयात, हस्तलिखित भांडारात किंवा संवर्धनाच्या कार्यशाळेत काम करणाऱ्यांनी, आणि या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी, तो हाताशी ठेवून काम करावं असा माझा हेतू आहे. माझा अनुभव सांगतो की या कामाचं यश कॅमेऱ्यापेक्षा बटण दाबण्याआधीच्या दोन तासांवर ठरतं. म्हणून त्या दोन तासांना मी इथे जास्त जागा दिली आहे.

हे तंत्र नेमकं काय करतं

साधा कॅमेरा प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे नोंदवतो: लाल, हिरवा, निळा. हायपरस्पेक्ट्रल कॅमेरा त्याच ठिपक्यावरून परत आलेला प्रकाश शेकडो अरुंद पट्ट्यांत मोजतो. त्यामुळे चित्रातल्या प्रत्येक ठिपक्याचा स्वतःचा आलेख मिळतो. आडव्या अक्षावर तरंगलांबी (प्रकाशाचा रंग ठरवणारं माप, नॅनोमीटरमध्ये), उभ्या अक्षावर किती टक्के प्रकाश परावर्तित झाला ते. डोळ्यांना अगदी सारखे दिसणारे दोन रंग या आलेखात बहुतेक वेळा वेगळे पडतात.

तंत्र जन्मलं ते जमिनीवरची खनिजं वरून ओळखण्यासाठी. १९८० च्या दशकात नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने विमानात बसवायची अशी उपकरणं तयार केली. इस्रोने २९ नोव्हेंबर २०१८ रोजी सोडलेला हायसिस उपग्रह याच घराण्यातला. चित्रकाराची रंगपेटीही बऱ्याच अंशी खनिजांचीच असते. गेरू, लाल हिंगूळ, निळा लाजवर्द, हरताळ, खडू हे सगळं जमिनीतून निघालेलं. डोंगर वाचणारी पद्धत पानही वाचू शकते, ती यामुळेच.

२०१० मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने थॉमस जेफरसनच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा या पद्धतीने तपासला. ‘सिटिझन्स’ म्हणजे नागरिक या शब्दाखाली आधी ‘सब्जेक्ट्स’ म्हणजे प्रजाजन असं लिहून पुसलेलं होतं, हे तेव्हा सिद्ध झालं. नेदरलँड्समधल्या माउरित्सहाउस संग्रहालयाने २०१८ मध्ये चित्रकार व्हर्मीरच्या मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीचं चित्र अनेक पद्धतींनी तपासलं. काळी वाटणारी पार्श्वभूमी म्हणजे मुळात हिरवा, चुण्यांचा पडदा होता, असं त्यातून पुढे आलं. तो हिरवा नीळ आणि वेल्ड नावाच्या वनस्पतीचा पिवळा रंग यांच्या मिश्रणाचा होता. काळाच्या ओघात त्याचा रंग उतरला आणि पडदा अंधारात विरघळला.

पहिली पायरी: प्रश्न कागदावर लिहा

“चित्र स्कॅन करून द्या” अशी मागणी आली तर मी काम सुरू करत नाही. आधी समोरच्याबरोबर बसून प्रश्न लिहून काढते. खालचं लिखाण वाचायचंय? मूळ रंग कोणता आणि नंतर केलेली दुरुस्ती कोणती, ते वेगळं करायचंय? रंग किती उतरला याची दर काही वर्षांनी नोंद ठेवायचीय? तिन्हींसाठी मांडणी वेगळी लागते. आजींच्या पोथीसाठी वहीत दोनच वाक्यं होती: ‘तिसऱ्या ओळीत हरताळाखाली काय आहे? चित्रातला लाल एकच आहे की अनेक?’

दुसरी पायरी: कोणता कॅमेरा

बाजारात मुख्यतः दोन प्रकारचे कॅमेरे मिळतात. पहिला ४०० ते १००० नॅनोमीटरचा. त्यात डोळ्यांना दिसणारा प्रकाश आणि त्यालगतचा अवरक्त भाग येतो. संवेदक सिलिकॉनचा असल्याने तो तुलनेने स्वस्त आणि हाताळायला सोपा. रंगद्रव्यांचे बहुतेक प्रश्न तो सोडवतो. दुसरा १००० ते २५०० नॅनोमीटरचा. तो महाग, त्याचा संवेदक थंड ठेवावा लागतो आणि चित्रात बारकावे कमी येतात. पण जिप्सम, खडू, पांढरी माती, शिसंयुक्त सफेदा, तेल, सरस अशा पदार्थांच्या खुणा त्याच पट्ट्यात असतात. आलेखात जिप्समचे तीन लहान खड्डे, म्हणजे प्रकाश शोषला गेल्याच्या जागा, १४५० ते १५३५ नॅनोमीटरच्या दरम्यान ओळीने दिसतात, खडूचा खड्डा २३४० च्या आसपास. भिंतीच्या गिलाव्याबद्दल किंवा चित्राच्या अस्तराबद्दल प्रश्न असेल तर या कॅमेऱ्याला पर्याय नाही.

कॅमेरा विकत घेण्याच्या भानगडीत लगेच पडू नका. कृषी विद्यापीठं पिकांसाठी आणि भूगर्भशास्त्राचे विभाग खडकांसाठी असे कॅमेरे वापरतात. मुंबईच्या आयआयटीत सुदूर संवेदनाचा (रिमोट सेन्सिंगचा) अभ्यास अनेक वर्षं चालू आहे. आपल्या जिल्ह्याच्या आसपास अशी यंत्रणा कुठे आहे याची आधी चौकशी करा. ज्वारीची पानं मोजणारा कॅमेरा भूर्जपत्रही मोजतो. बदलावी लागते ती लेन्स, प्रकाश आणि पानाखालचं सरकतं टेबल.

तिसरी पायरी: कागदावरचं गणित

ही पायरी कुणीही टाळू नये. आजींच्या पोथीचं पान २८ सेंटीमीटर लांब आणि १२ सेंटीमीटर उंच होतं. बोरूने काढलेल्या अक्षराची जाडी साधारण एक मिलिमीटर, पण चित्रातल्या भुवया आणि दागिने केसासारख्या रेषांचे. म्हणून प्रत्येक ठिपका ०.१ मिलिमीटरचा हवा असं ठरवलं.

कॅमेरा एका वेळी एकच रेघ पाहतो आणि त्या रेघेत १,०२४ ठिपके असतात. म्हणजे रेघेची लांबी सुमारे १० सेंटीमीटर. पान १२ सेंटीमीटरचं, त्यामुळे दोन पट्टे घ्यावे लागणार आणि दोघांत किमान दीड सेंटीमीटरचा भाग सामाईक ठेवायचा, म्हणजे नंतर जोडता येतं. एका रेघेला २० मिलिसेकंद उजेड पुरतो असं चाचणीत दिसलं. मग टेबलाचा वेग सेकंदाला ५ मिलिमीटर. २८ सेंटीमीटरचा पट्टा ५६ सेकंदांत पूर्ण. ४०० तरंगपट्ट्या धरल्या तर एका पट्ट्याची फाइल जवळपास २.३ जीबी, दोन्हींची मिळून ४.६ जीबी. ५० पानांची पोथी असेल आणि दोन्ही बाजू घ्यायच्या असतील तर ४६० जीबी लागतील. डिस्क आधी आणा.

आता उजेडाचं गणित. दिवे पानावर ५,००० लक्स (लक्स हे उजेडाच्या तीव्रतेचं एकक) पाडतात असं समजू. संग्रहालयात कागद आणि जलरंगांसाठी ५० लक्सची मर्यादा पाळतात, त्यामुळे हा आकडा ऐकूनच पोटात गोळा येतो. पण नुकसान उजेड आणि वेळ यांच्या गुणाकारावर ठरतं. दिव्यांचा पट्टा पानावर तीन सेंटीमीटर रुंद पडतो आणि टेबल ५ मिलिमीटरने सरकतं, म्हणजे पानावरच्या कुठल्याही जागेवर उजेड फक्त सहा सेकंद पडतो. ५,००० गुणिले ६ भागिले ३,६०० केल्यावर ८.३ लक्स-तास येतात. ५० लक्सच्या दालनात पान दहा मिनिटं ठेवलं तर इतकाच उजेड लागतो. आंतरराष्ट्रीय शिफारशीनुसार अतिसंवेदनशील वस्तूंना वर्षाला १५,००० लक्स-तासांची मर्यादा आहे. एका स्कॅनचा भाग त्यात नगण्य आहे. पण दिवे जळत असताना पान खाली ठेवून सगळे चहाला गेले, तर हे सगळं गणित कोसळतं. माझ्याकडे दिव्यांच्या स्विचशेजारी एक जण उभाच असतो. टेबल थांबलं की दिवे बंद, हे त्याचं एकच काम.

लक्सच्या आकड्यात उष्णता येत नाही हेही लक्षात ठेवा. हॅलोजन दिव्याचा मोठा भाग उष्णतेच्या रूपात पडतो. पानाशेजारी त्याच जातीचा कोरा कागद ठेवून त्याचं तापमान मोजा. दोन अंशांपेक्षा जास्त वाढलं तर मी थांबते आणि दिवे लांब सरकवते. कागद वाळून कडा उचलायला लागला की रंगाचे पापुद्रे सुटण्याची भीती असते.

चौथी पायरी: खोली, दिवे, पान

दिवे हॅलोजनचेच घ्या. पांढऱ्या एलईडीत अवरक्त भाग जवळजवळ नसतो, आणि ४८० नॅनोमीटरच्या आसपास उजेड खूपच कमी पडतो. नेमकी हरताळाची खूण तिथेच आहे. दोन दिवे दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर, कॅमेरा बरोबर वरून काटकोनात. काचेची तसबीर असेल तर काच काढावी लागेल आणि ते काम संवर्धकानेच करायचं. रंगाचे पापुद्रे सुटे असतील तर आधी ते पक्के करून घ्या आणि स्कॅन नंतर.

दिवे लावल्यावर अर्धा तास तसेच राहू द्या. सुरुवातीला त्यांचा उजेड आणि रंग दोन्ही बदलत असतात. या वेळात पान खोलीत, पण उजेडाबाहेर, झाकलेलं असावं.

खोली पूर्ण अंधारी हवी. एका ठिकाणी काम करताना मी शेजारच्या व्हरांड्यातली ट्यूबलाइट तशीच राहू दिली होती. दाराच्या फटीतून येणारा उजेड डोळ्यांना जाणवतही नव्हता. रात्री आलेख उघडले तर पानाच्या डाव्या बाजूच्या प्रत्येक आलेखात ५४६ नॅनोमीटरला टोकदार सुळका. तो पाऱ्याच्या वाफेचा प्रकाश होता. दिवसभराचं काम वाया गेलं आणि एक नाजूक पान दुसऱ्यांदा उजेडात आणावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. तेव्हापासून पहिला स्कॅन कोऱ्या पांढऱ्या फलकाचा घेते, दिवे बंद ठेवून. त्यात काहीही दिसलं तर फट शोधते.

पानाच्या पाठीमागे काय ठेवता तेही महत्त्वाचं आहे. अवरक्त भागात पातळ हातकागद जास्त पारदर्शक होतो आणि मागच्या बाजूचं लिखाण पुढे डोकावतं. मी एकदा पांढरा आणि एकदा काळा आम्लमुक्त कागद ठेवून दोन्ही नोंदी घेते. हरताळ, हिंगूळ, शेंदूर हे आर्सेनिक, पारा आणि शिशाचे रंग आहेत. हातमोजे घाला, पानावर फुंकर मारू नका, कामाच्या टेबलावर डबा उघडू नका.

पाचवी पायरी: पांढरं आणि काळं

कॅमेऱ्याचा कच्चा आकडा रंगाबद्दल काहीच सांगत नाही. त्यात दिव्याचा रंग, लेन्सचा दोष, संवेदकाची कुवत सगळं मिसळलेलं असतं. ते वेगळं करण्यासाठी दोन नोंदी लागतात. पहिली अंधाराची: लेन्सवर झाकण ठेवून. दुसरी पांढऱ्या मानक फलकाची, जो जवळपास ९९ टक्के प्रकाश सगळ्या तरंगलांबींवर सारखा परत करतो. मग प्रत्येक ठिपक्यासाठी हिशेब असा: पानाच्या आकड्यातून अंधाराचा वजा करा, पांढऱ्याच्या आकड्यातूनही अंधाराचा वजा करा आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. हाती येतं ते खरं परावर्तन.

पांढरा फलक पानाच्याच उंचीवर हवा. टेबलावर तसाच ठेवला आणि पान जाड पुठ्ठ्यावर असेल तर दोघांवरचा उजेड वेगळा पडतो आणि सगळे आलेख वर किंवा खाली सरकतात. फलकावर बोट लागू देऊ नका. बोटाचं तेल १७३० आणि २३१० च्या आसपास दिसू शकतं आणि मग तुम्ही पोथीवर नसलेलं तेल शोधत बसता. तरंगलांबी बरोबर लागते आहे ना, हे पाहायला ज्ञात खुणांचा दुर्मीळ मृदा धातूंचा फलक मिळतो. तो नसेल तर ट्यूबलाइटचा उजेड मुद्दाम एकदा फलकावर पाडा. पाऱ्याच्या रेषा ४३६ आणि ५४६ ला यायला हव्यात. ज्या रेषेने माझा दिवस वाया घालवला, तीच आता दर महिन्याला कॅमेरा तपासायला वापरते.

सर्वांत उजळ जागेवर, बहुतेकदा कोऱ्या कागदावर, संवेदकाच्या क्षमतेच्या ८० ते ८५ टक्के आकडा यावा. त्यापुढे गेलं की आलेखाचं डोकं सपाट होतं आणि ती माहिती परत मिळत नाही.

सहावी पायरी: स्कॅन

आधी एका कोपऱ्याची छोटी चाचणी घ्या. ठिपके चौरस येताहेत का पाहा. वर्तुळ लंबगोल दिसलं तर वेग आणि उजेडाचा काळ जुळत नाही. फोकस मधल्या तरंगलांबीवर, ७०० च्या आसपास जमवा. रस्त्यावरून ट्रक गेला तर रेघा थरथरतात. वर्दळीच्या ठिकाणी मी पहाटे काम करते.

प्रत्येक स्कॅनबरोबर वहीत लिहा: पानाचा क्रमांक, बाजू, तारीख, दिव्यांची उंची आणि कोन, उजेडाचा काळ, टेबलाचा वेग, पाठीमागचा कागद, खोलीचं तापमान आणि आर्द्रता, कुणी केलं. पाच वर्षांनी हेच पान पुन्हा मोजायचं असेल तर ही नोंद नसल्यास तुलना होऊच शकत नाही.

सातवी पायरी: संगणकावर

फाइल बहुधा एन्व्ही (ENVI) पद्धतीची असते: एक मोठी माहिती-फाइल आणि सोबत छोटी शीर्षक-फाइल. व्यावसायिक सॉफ्टवेअर महाग आहे. पायथन येत असेल तर ‘स्पेक्ट्रल पायथन’ हे मोफत साधन बऱ्याच कामांना पुरतं.

सुरुवात कडा कापण्यापासून करा. ४३० च्या खाली हॅलोजनचा उजेड तोकडा पडतो आणि ९५० च्या वर सिलिकॉनची ताकद संपत येते. मग दोन पट्टे जोडा. त्यानंतर आभासी रंगाचं चित्र बनवा: अवरक्त पट्टी लाल म्हणून दाखवा, लाल पट्टी हिरवा म्हणून आणि हिरवी पट्टी निळा म्हणून. हे चित्र पाच मिनिटांत तयार होतं आणि पुढचं निम्मं काम सांगून जातं. हिंगूळ त्यात पिवळट दिसतो. नीळ आणि लाजवर्द लालसर-जांभळ्याकडे झुकतात. तांब्याचे निळे-हिरवे रंग आणि प्रशियन ब्लू गडद निळेच राहतात.

मग मुख्य घटक विश्लेषण, म्हणजे शेकडो पट्ट्यांतले सर्वांत मोठे फरक वेगळे काढून त्यांची मोजकी चित्रं करणारं गणित. नव्याने काम करणारे ते संपूर्ण पानावर चालवतात आणि निराश होतात. पूर्ण पानात सर्वांत मोठा फरक कागद आणि शाईचा असतो, म्हणून पहिले घटक तेवढंच सांगतात. मी आजींच्या पानातला फक्त पिवळा ठिपका कापून घेतला, सुमारे २०० गुणिले १५० ठिपक्यांचा तुकडा, आणि विश्लेषण तेवढ्यावरच चालवलं. पहिल्या घटकात वरची नवी अक्षरं. दुसऱ्यात हरताळाची कमीजास्त जाडी, कुंचल्याचे फटकारेसुद्धा. तिसऱ्यात वरच्या अक्षरांच्या मधून, थोडी तिरकी, आणखी अक्षरं उमटली.

ती हरताळाखालचीच होती का? हरताळ ४८० च्या खालचा प्रकाश गिळतो आणि पुढचा परत टाकतो. अवरक्त भागात त्याचे कण प्रकाश कमी विखुरतात आणि थर पातळ असेल तर प्रकाश खालपर्यंत पोचतो. काजळाची शाई मात्र सगळीकडे काळीच राहते, म्हणून ती खालून दिसते. लोहयुक्त शाई असती तर ती अवरक्तात फिकी पडत गेली असती आणि हे काम इतकं सरळ झालं नसतं. तरीही ती अक्षरं मागच्या बाजूची असू शकत होती. म्हणून मागची बाजू स्कॅन केली, चित्र आरशासारखं उलटवलं आणि वर ठेवलं. अक्षरं जुळली नाहीत. काळ्या आणि पांढऱ्या, दोन्ही पाठकागदांवर ती तशीच राहिली. मग वाचायला बसले. लेखनिकाने आधीच्या ओळीतली काही अक्षरं पुन्हा लिहिली होती. नजर मूळ पोथीत एक ओळ मागे गेली असावी. म्हणजे तो समोर दुसरी पोथी ठेवून नक्कल करत होता. आजींना मी पडद्यावर दाखवलं, तेव्हा त्या बराच वेळ त्या अक्षरांकडे पाहत राहिल्या. “त्याचंही लक्ष गेलं होतं तर,” एवढंच म्हणाल्या.

आठवी पायरी: लाल, निळा, हिरवा

आता रंग ओळखणं. आपल्याकडच्या चित्रांत तीन लाल सतत भेटतात: शेंदूर, हिंगूळ आणि गेरू. डोळ्यांनी वेगळं करणं अवघड, कारण चित्रकार ते मिसळायचे आणि एकावर एक लावायचेही. आलेखात तिघांचीही चढण वेगळ्या ठिकाणी येते. शेंदराची चढण सरळसोट आणि ५६५ च्या आसपास. हिंगुळाचीही उभीच, पण ६०० जवळ. गेरूची चढण आळसावलेली असते, ५८० च्या आसपास सुरू होऊन हळू वर जाते आणि पुढे ८७० जवळ लोहामुळे एक उथळ पसरट खड्डा पडतो. चढणीची नेमकी जागा डोळ्यांनी ठरवू नका. आलेखाचा पहिला विकलज, म्हणजे प्रत्येक जागी आलेख किती वेगाने चढतो त्याचा आलेख, काढा आणि त्याचं शिखर वाचा. मिश्रणात आणि कणांच्या आकारानुसार शिखर काही नॅनोमीटर सरकतं. लाखेचा लाल या तिघांहून निराळा: ५२० ते ५७० च्या दरम्यान दोन बारीक खड्डे शेजारी शेजारी. असे दोन खड्डे दिसले की कीटकजन्य रंगाचा विचार करा.

आजींच्या पोथीतल्या देवीच्या साडीचा लाल हिंगुळाचा निघाला. कपाळावरच्या कुंकवाचा शेंदराचा. आणि साडीच्या पदराचा एक कोपरा तिसराच: त्याचा आलेख माझ्या संग्रहातल्या कुठल्याही जुन्या रंगाशी जुळला नाही. नंतर कुणीतरी भरलेला असावा असं वहीत प्रश्नचिन्हासह लिहिलं. प्रश्नचिन्ह खोडायची घाई करायची नाही.

निळ्यांत लाजवर्दचा खड्डा ६०० जवळ असतो आणि ७०० नंतर आलेख वर जातो. निळीचा खड्डा ६६० जवळ आणि त्यानंतरची चढण अगदी ताठ. तांब्याचा खनिज निळा अझुराइट अवरक्तातही बराच काळ अंधाराच राहतो. प्रशियन ब्लूही तसाच, पण हा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झाला. सतराव्या शतकातलं म्हणून आलेल्या चित्रात तो सापडला तर ती एकतर नंतरची दुरुस्ती आहे किंवा चित्राची सांगितलेली तारीख चुकीची आहे.

हिरव्याचं काम गुंतागुंतीचं. आपले चित्रकार बऱ्याचदा नीळ आणि हरताळ मिसळून हिरवा करायचे. त्यात ४८० ची चढण आणि ६६० चा खड्डा दोन्ही एकाच आलेखात दिसतात. तांब्याचा जंगाल यापेक्षा वेगळा, त्याचा खड्डा लांबरुंद असून अवरक्तात पसरतो. जंगालाने कागद करपतो, म्हणून तो कुठे आहे याचा नकाशा संवर्धकाला लगेच द्या.

एवढं झाल्यावरही निष्कर्ष पक्का धरू नका. क्षकिरण प्रतिदीप्तीने (क्षकिरण टाकून परत येणाऱ्या किरणांवरून मूलद्रव्यं ओळखणाऱ्या यंत्राने) मूलद्रव्यं तपासा: हिंगुळात पारा, शेंदरात शिसं, हरताळात आर्सेनिक, अझुराइटमध्ये तांबं. नीळ आणि लाख सेंद्रिय असल्याने त्या यंत्राला जवळपास दिसत नाहीत, आणि तिथे हायपरस्पेक्ट्रलची बाजू भक्कम आहे. दोन्ही एकत्र वापरले की नमुना खरवडण्याची वेळ फार थोड्या ठिकाणी येते.

भिंतीवर काम करताना

अजिंठ्यासारख्या भित्तिचित्रांकडे वळलं की टेबल सरकवता येत नाही. कॅमेरा तिपाईवर फिरता ठेवावा लागतो. भिंत खडबडीत, अंतर दर हाताला बदलतं, उजेड समान पडत नाही. पांढरा फलक भिंतीच्या अंतरावरच धरून प्रत्येक तुकड्याची वेगळी नोंद घ्यायची, याला सोपा मार्ग नाही.

अजिंठ्याचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देते. निजामाच्या काळात, १९२० ते १९२२ दरम्यान, लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन संवर्धकांनी तिथली चित्रं जपण्याचं मोठं काम केलं. त्यांनी वापरलेला शेलॅक, म्हणजे लाखेचाच रोगण, पुढे पिवळा पडत गेला. पिवळा थर निळा प्रकाश खातो. अशा थरातून मोजलेला लाजवर्द हिरवट भासतो आणि पांढरी माती पिवळी. म्हणून रोगण असलेल्या चित्रात ५०० च्या खालच्या भागावर विसंबू नये. चढणीच्या आणि खड्ड्यांच्या जागा पाहाव्यात, त्या सहसा टिकून राहतात. रोगण काढण्याचं काम होणार असेल तर आधी एक स्कॅन, प्रत्येक टप्प्यानंतर एक आणि शेवटी एक, असे घ्या. कुठे थांबायचं हे ठरवायला संवर्धकाला त्याहून चांगली मदत नाही. मूळ रंगाचा आलेख बदलायला लागला की हात थांबलाच पाहिजे.

नववी पायरी: साठवण

कच्ची माहिती, अंधार आणि पांढऱ्याच्या नोंदी, प्रक्रिया केलेली माहिती, वहीची छायाचित्रं हे सगळं एकाच फोल्डरमध्ये ठेवा. कच्ची फाइल कधीही पुसू नका. आजचं विश्लेषण उद्या चुकीचं ठरेल, पण कच्च्या आकड्यांवर ते पुन्हा करता येईल. तीन प्रती करा, त्यांतली एक दुसऱ्या गावात. फाइलच्या नावात पोथीचा क्रमांक, पान, बाजू आणि तारीख असावी. ‘नवीन’, ‘शेवटचं’, ‘अगदी शेवटचं’ अशी नावं पाच वर्षांनी कुणालाच उलगडत नाहीत. दरवर्षी एकदा फाइली उघडून पाहा.

आजींना मी एक छापील पान दिलं. डावीकडे पोथीचं नेहमीचं छायाचित्र, उजवीकडे हरताळाखालची अक्षरं, खाली तीन लालांचा नकाशा आणि पदराच्या कोपऱ्यापाशी ते प्रश्नचिन्ह. पोथी पुन्हा सुती रुमालात बांधली. पाच वर्षांनी त्याच पानाचा, त्याच उंचीवर, त्याच कोनात पुढचा स्कॅन करायचा असं ठरलंय. दिव्यांची मापं वहीच्या मधल्या पानावर लिहिली आहेत.